तलावाचे पाणी नऊ दिवसांपासून ढगाळ आहे. नेमके काय चुकते आहे?

तळ_दिसेना

आमच्या गृहसंकुलातील पोहण्याच्या तलावाची देखभाल गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. तलाव १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असून सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे त्यात साधारण एक लाख लिटर पाणी मावते. नऊ दिवसांपूर्वी पाण्यावर हिरवट झाक दिसू लागली. ती आता गेली आहे, पण पाणी चुना कालवल्यासारखे पांढुरके झाले आहे. उथळ टोकाकडील तिसरी पायरी दिसते, चौथी दिसत नाही.

केलेले उपाय क्रमाने सांगतो. चाचणीपट्टीवर पीएच ७ च्या खाली दिसला, म्हणून पहिल्याच संध्याकाळी ६ किलो धुण्याचा सोडा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधाळ झालेले होते. क्लोरीन ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) होते, तरीही शेवाळ असावे असे वाटल्यामुळे ४ किलो ब्लीचिंग पावडर टाकली. त्यानंतर थेंबांच्या संचाने क्लोरीन तपासले तर शून्य आले, म्हणून आणखी ३ किलो, आणि पुन्हा शून्य आल्यामुळे पुन्हा ३ किलो टाकली. मग पाणी निवळण्यासाठी ३ किलो तुरटी आणि शेवटी क्लॅरिफायरची (बारीक कण एकत्र आणणाऱ्या रसायनाची) दुप्पट मात्रा दिली. एरवी आम्ही फीडरमध्ये टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) या क्लोरीनच्या गोळ्या वापरतो. वाळूचा फिल्टर आहे, त्याच्या गेजवर दाब ०.६ बार दिसतो आणि तो कधीही वाढत नाही, त्यामुळे फिल्टर स्वच्छ असावा असे मी धरून चाललो आहे. पंप रोज सहा तास चालतो.

इतके सगळे टाकूनही पाणी तसेच आहे. आता काय टाकावे?

निवळी

तुरटीची मात्रा कमी पडली असावी. तुरटी टाकल्यावर पंप रात्रभर पूर्ण बंद ठेवा, सकाळी तळाशी बसलेला गाळ हळूहळू व्हॅक्यूम करा आणि ते पाणी फिल्टरमधून न नेता थेट बाहेर सोडा. पंप चालू ठेवून तुरटी टाकली असेल तर गाळ खाली बसणार कसा? माझा अनुभव असा आहे की दोन फेऱ्यांत तळ दिसू लागतो.

काठावरचा

मी पोहणे शिकवतो, रसायनांतले मला फारसे कळत नाही. परंतु चौथी पायरी दिसत नसेल तर तलाव आजपासून बंद ठेवावा, हे ठामपणे सांगतो. सर्वांत खोल जागेवरील निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू द्यायचे नसते. अशा पाण्यात बुडालेले मूल दोन हातांवर असले तरी दिसत नाही. सभासद कुरकुर करतील, ती करू द्या.

पाणवठा

काठावरचा यांच्याशी सहमत आहे. तलाव बंद ठेवा, आणि पुढचे दोन दिवस पाण्यात काहीही टाकू नका.

पाणी ढगाळ होण्याची कारणे मुख्यतः तीन असतात. पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट न विरघळता बारीक कणांच्या रूपात बाहेर पडते, किंवा शेवाळ आणि त्याचे मेलेले अवशेष तरंगत राहतात, किंवा फिल्टर आपले काम करत नसल्यामुळे साधी धूळही पाण्यातच फिरत राहते. तिन्ही काठावरून सारखीच दिसतात, पण उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. तुमच्या बाबतीत तिन्ही एकत्र असावीत असा मला संशय आहे.

आधी एक साधी परीक्षा करा. दोन पारदर्शक ग्लासांत तलावाचे पाणी घ्या. पहिल्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, ढवळा, मग दुसरा थेंब टाका. हे उघड्यावर करा, हातमोजे घाला आणि ग्लासावर वाकून पाहू नका. पाणी निवळले तर पांढुरकेपणा कार्बोनेटचा आहे. दुसरा ग्लास रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी साका बसलेला दिसला तर ते फिल्टरने अडवायला हवे होते असे कण आहेत.

थेंबांच्या चाचणीत शून्य आले म्हणता, तर ती पुन्हा करा आणि थेंब पडतात त्या क्षणी नळीकडे लक्ष ठेवा. क्षणभर गुलाबी रंग चमकून लगेच नाहीसा होतो का? तसे असेल तर क्लोरीन शून्य नाही, उलट इतके जास्त आहे की ते रंगालाच विरंजित करून टाकते. अशा वेळी एक भाग तलावाचे पाणी आणि चार भाग ऊर्ध्वपातित पाणी एकत्र करून चाचणी घ्यावी आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणावे.

शिवाय एकूण अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेटसारखे क्षार), कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातील कॅल्शियम) आणि मुख्य म्हणजे सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे रसायन) मोजा. हा शेवटचा आकडा तुम्ही कुठेच दिलेला नाही. पीएच शक्यतो प्रमाणित केलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर घ्या, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर असताना पीएच दाखवणाऱ्या फिनॉल रेडचा रंग फसवतो. भरायचे ताजे पाणीही तपासा. आणि पंप बंद असताना गेजकडे एकदा पाहून या.

तळ_दिसेना

दोन दिवसांनी लिहितो आहे. आकडे पाहून थोडी लाजच वाटली.

पहिल्या ग्लासातील पाणी दुसऱ्या थेंबानंतर बरेच निवळले, पण पूर्ण नाही. किंचित करडी झाक राहिली. दुसऱ्या ग्लासाच्या तळाशी सकाळी नखाने खरवडण्याइतका करडा थर होता. क्लोरीनच्या नळीत गुलाबी रंग खरोखरच चमकला आणि मी नळी डोळ्यांसमोर धरेपर्यंत गेला. आठवडाभर मी ज्याला शून्य समजत होतो, ते पातळ करून मोजल्यावर २० पीपीएम निघाले.

मीटरवर पीएच ८.२ आहे. अल्कलिनिटी १८०, हार्डनेस ४२०. सायन्युरिक ॲसिडच्या चाचणीत नळीच्या तळाशी असलेला काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत गढूळ द्रव ओतायचा असतो. तो १०० च्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधीच गायब झाला. पाणी निम्मे पातळ करून पुन्हा केले तेव्हा ८० वर ठिपका गेला, म्हणजे १६० झाले. ताज्या पाण्याची अल्कलिनिटी ११० आणि हार्डनेस १५० आहे.

गेजचे तर काय सांगू! पंप बंद केला, व्हॉल्व्ह उघडून दाब काढून टाकला, तरी काटा ०.६ बारवरच. बोटाने टिचकी मारली तरी हलला नाही. किती महिने तो असाच अडकला आहे, देव जाणे. पंपावरील पट्टीवर ताशी १२ घनमीटर असे लिहिले आहे.

दोन वर्षांत टीसीसीए गोळ्यांचा ५० किलोचा एक ड्रम संपला आहे. कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणेही आणून ठेवले आहेत, पण अजून वापरलेले नाहीत. फक्त दोन्हींसाठी एकच मग आहे.

पाणवठा

आधी तो मग. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट यांचा कोरडा किंवा ओलसर अवस्थेत एकमेकांशी संपर्क आला तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींचे डबे वेगळ्या ठिकाणी, मग वेगळे, आणि एकाच फीडरमध्ये आज एक तर उद्या दुसरे असे कधीही नाही. ॲसिड आणि कोणतेही क्लोरीन यांच्यापासून विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून तेही एकमेकांपासून दूर ठेवा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही.

आता तुमचे पाणी. सगळ्याचे मूळ टीसीसीएमध्ये आहे. एक लाख लिटरमध्ये १ किलो टीसीसीए विरघळला की सुमारे ९ पीपीएम क्लोरीन मिळते, आणि त्यासोबत साडेपाच पीपीएम सायन्युरिक ॲसिडही येते. क्लोरीन खर्च होते, सायन्युरिक ॲसिड मात्र पाण्यातच राहते. ते ना उडून जाते, ना वाळूच्या फिल्टरमध्ये अडकते. ५० किलोंतून जवळजवळ २७५ पीपीएम आले असते; बॅकवॉश (फिल्टरमधून पाणी उलटे सोडून वाळू धुणे), पाऊस आणि उडालेले पाणी यांमुळे त्यातले १६० उरले. थोडे असले तर ते उपकारकच असते, कारण उन्हात क्लोरीन टिकते. उघड्या तलावात ३० ते ५० पीपीएम पुरते. मात्र त्याचे प्रमाण वाढते तसे ते क्लोरीनला बांधून ठेवते. व्यवहारात मी हिशेब असा धरतो की मुक्त (कामासाठी शिल्लक असलेले) क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्के हवे आणि शेवाळ मारताना चाळीस टक्के. तुमच्याकडे रोजचे १२ पीपीएम हवे होते, तुम्ही ३ ठेवत होता. चाचणीत आकडा चांगला येत असतानाही शेवाळ आले ते यामुळे. आजचे २० पीपीएमदेखील शेवाळ मारण्यासाठी लागणाऱ्या ६४ च्या एक तृतीयांशाहून कमी आहे.

दुसरी गोष्ट दुधाळपणाची. टीसीसीए आम्लधर्मी असल्याने पीएच घसरला होता, तो वर आणायची तुमची इच्छा योग्यच होती. पण धुण्याचा सोडा पीएच आणि कार्बोनेट दोन्ही एकदम वाढवतो, आणि ४२० हार्डनेसच्या पाण्यात ६ किलो एका संध्याकाळी टाकल्यावर कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडणारच. याचा हिशेब करण्यासाठी विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक वापरतात. तो मुळात नळयोजनेच्या पाइपांसाठी होता, पण तलावालाही चालतो. तो अधिक असेल तर कार्बोनेट बाहेर पडू पाहते, उणे असेल तर विरघळू पाहते; तो उणे ०.३ ते अधिक ०.३ यांच्या दरम्यान असावा. पाण्याचे तापमान २८ अंश धरले तर तुमचा निर्देशांक अधिक १.१ च्या आसपास येतो. ब्लीचिंग पावडरीने त्यात भर घातली, कारण तिच्यात चुना असतो. ती कधी वापरायचीच झाली तर बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन, फक्त वरचे निवळ पाणी तलावात सोडावे.

तिसरा फिल्टर. अडकलेल्या काट्यावर विसंबून तुम्ही बॅकवॉश करत नव्हता. नवे गेज बसवा, बॅकवॉशनंतरचा दाब लिहून ठेवा आणि दाब त्यापेक्षा ०.५ ते ०.७ बारने वाढला की पुन्हा बॅकवॉश करा. वाळू उघडून पाहा. तुरटी आणि कार्बोनेट यांनी ती बांधली गेली असेल तर पाणी वाळूतून न जाता कडेने वाट काढते. शिवाय सहा तासांत तुमचा पंप ७२ घनमीटर पाणी फिरवतो, म्हणजे तलावाइतकेही नाही. आणि तलावाइतके पाणी एकदा फिरले म्हणजे सगळे पाणी गाळले गेले असेही नसते, कारण गाळलेले पाणी न गाळलेल्यात परत मिसळते. गणिताने पाहिले तर एका फेरीत सुमारे ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी फिल्टरमधून जाते. पाणी निवळेपर्यंत पंप चोवीस तास चालू राहू द्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गेज आणि वाळू. मग पाणी बदलणे, कारण सायन्युरिक ॲसिड कमी करण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे. निम्मे पाणी काढून ताजे भरले की १६० चे ८० होते, नीट मिसळल्यावर पुन्हा तसेच केले की ४०. एका दमात तीनचतुर्थांश काढले तर पाणी वाचते हे खरे, पण भूजलाची पातळी वर असेल तर रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो. म्हणून मी दोनदा निम्मे काढणेच पसंत करतो. बाहेर सोडण्यापूर्वी क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्या; घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरतात. असे पाणी झाडांना किंवा ओढ्याला तसेच सोडू नये.

त्यानंतर ॲसिडने पीएच ७.२ वर आणा, थोडे थोडे, दर वेळी चार तास पंप चालवून आणि मोजून. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी निम्मे प्रभावी हायपोक्लोरस रूपात असते, ८ ला जेमतेम चौथा हिस्सा; सायन्युरिक ॲसिड असलेल्या पाण्यात हा फरक इतका तीव्र राहत नाही, पण ७.२ ने कार्बोनेटही विरघळते. मग द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटने क्लोरीन १६ पीपीएमपर्यंत न्या. १० टक्क्यांचे ताजे द्रावण असेल तर शून्यापासून १६ लिटर लागेल. जुने, उन्हात ठेवलेले असेल तर जास्त. ही पातळी तीन अटी पूर्ण होईपर्यंत टिकवायची: पाणी स्वच्छ असावे, संयुक्त क्लोरीन (घाम वगैरेंशी जोडले गेलेले, उग्र वासाचे क्लोरीन) ०.५ पीपीएमच्या वर नसावे आणि सूर्यास्तानंतर मोजलेले क्लोरीन सूर्योदयापूर्वी १ पीपीएमहून अधिक घटलेले नसावे. रात्री ऊन नसते, म्हणून तेव्हाची घट म्हणजे पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे.

निवळी

मग तुरटीला अर्थच नाही का? वर्षानुवर्षे आम्ही तिच्यावरच भागवत आलो आहोत.

पाणवठा

अर्थ आहे. वादळानंतरची माती किंवा मेलेले शेवाळ खाली बसवायला तुरटीइतके सोपे दुसरे काही नाही, आणि पंप बंद ठेवून तळाचा गाळ थेट बाहेर टाकण्याची तुमची पद्धत अगदी बरोबर आहे. पण तिला पीएच ७ च्या आसपास हवा. ८.२ ला ॲल्युमिनियमचा काही भाग विरघळलेलाच राहतो आणि पीएच खाली आला की फिल्टरच्या पलीकडे, तलावात गुठळ्या धरतो. शिवाय दर १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. क्लॅरिफायरचेही तसेच: तो धन विद्युतभाराने बारीक कणांना एकत्र आणतो, पण मात्रा दुप्पट झाली की सगळ्या कणांवर धन भार चढतो आणि ते एकमेकांना दूर ढकलू लागतात. बाटलीवरील मात्रेपेक्षा कमी टाकलेला बरा.

खारेपाणी

आमच्याकडे मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र आहे, त्यामुळे गोळ्यांचा प्रश्न नाही, तरीही दर आठवड्याला पीएच ७.८ च्या वर जातो. हे सामान्य आहे का?

पाणवठा

आहे. यंत्रातील बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी ६० ते ८० दरम्यान ठेवलीत तर चढण्याचा वेग कमी होईल.

तळ_दिसेना

प्रश्न विचारल्यापासून आज अकरावा दिवस.

फिल्टर उघडला तेव्हा वाळूचा वरचा हात दीड हाताचा थर वाळलेल्या चिखलासारखा ढेपाळलेला होता. काठीने टोचल्यावर भेग पडली, आणि टाकीच्या कडेने बोट जाईल एवढी पोकळ घळ तयार झालेली होती. पाणी बहुधा तिथूनच जात असावे. वाळू बदलली, ०.४५ ते ०.५५ मिलिमीटरची सिलिका वाळू घातली. तळच्या नळ्यांपैकी एकही तुटलेली नव्हती, ते नशीब. नव्या गेजवर स्वच्छ फिल्टरचा दाब ०.८ बार आला आणि पहिल्याच रात्रीत तो १.५ वर गेला. पहाटे बॅकवॉश केला तेव्हा काचेतून दिसणारे पाणी पहिली दोन मिनिटे करडे होते.

पाणी दोनदा निम्मे बदलले. सायन्युरिक ॲसिड ४० झाले. हार्डनेस २२० आणि ॲसिडनंतर अल्कलिनिटी ९० आहे. क्लोरीन १६ वर ठेवायला पहिल्या दिवशी तीनदा भर घालावी लागली, चौथ्या दिवशी एकदाच. पहिल्या रात्री घट ५ पीपीएम होती, मग ३, मग दीड, आणि काल रात्री अर्धा. संयुक्त क्लोरीन ०.३ आहे. क्लोरीन आता ४ पर्यंत उतरू दिले आहे आणि पीएच ७.५ आहे. पूर्वी तलावाजवळ जो उग्र वास यायचा, त्यालाच मी भरपूर क्लोरीनची खूण समजत होतो. आता १६ पीपीएमलाही तो वास नव्हता.

तळ दिसतो. निचऱ्याची जाळीही दिसते. ती इतकी स्वच्छ दिसते की तिच्या चार स्क्रूंपैकी एक जागेवर नाही, हे मला दोन वर्षांत आज पहिल्यांदा कळले. रविवारी तलाव उघडायचा विचार आहे.

काठावरचा

रविवारी उघडू नका. सैल जाळीच्या ओढीत केस किंवा हात अडकू शकतो. स्क्रू बसेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नका, आणि स्क्रू लावायला उतरणाऱ्याने आधी पंप बंद आहे याची स्वतः खात्री करावी.

पाणवठा

बाकीचे तीन स्क्रूही गंजलेले नाहीत ना, ते पाहा, आणि जाळीला चीर नाही ना तेही. उरलेल्या टीसीसीए गोळ्या टाकून द्यायला नकोत. तुम्ही गावाला जाल त्या आठवड्यापुरत्या वापरा आणि महिन्यातून एकदा काळ्या ठिपक्याची चाचणी करा. एरवी द्रवरूप क्लोरीन, रोज संध्याकाळी.

तळ_दिसेना

पंप बंद करून उतरलो. एक स्क्रू नव्हता, दुसरा हाताने फिरत होता. चारही नवे स्टेनलेस स्टीलचे बसवले, जाळी शाबूत आहे. तलाव मंगळवारी उघडतो आहे. गोळ्यांचा डबा आणि दाण्यांचा डबा आता दोन वेगळ्या खोल्यांत आहेत, आणि प्रत्येकाचा मग त्याच्याच झाकणाला दोरीने बांधला आहे.